कौटुंबिक हॉलिडे पार्क

निवास, जेवणखाण, खेळ, पोहण्याचे तलाव आणि संध्याकाळचे करमणुकीचे कार्यक्रम एकाच आवारात आणि बहुधा एकाच ठरावीक रकमेत पुरवणारे, मुलाबाळांसह येणाऱ्या कुटुंबांसाठी आखलेले सुट्टीचे संकुल. ॲम्यूझमेंट पार्क किंवा वॉटर पार्क यांत माणसे सकाळी जातात आणि संध्याकाळी परततात. येथे मुक्काम हा मुख्य भाग असतो. हॉटेल खोली देते आणि दिवस कसा घालवायचा हे पाहुण्यावर सोडते. हॉलिडे पार्कमध्ये मात्र दिवसाची आखणी व्यवस्थापन करते. लहान मुले, त्यांचे आईवडील आणि आजीआजोबा अशा तीन पिढ्यांना एकाच वेळी, परंतु वेगवेगळ्या प्रकारे गुंतवून ठेवणे ही या व्यवस्थेची खरी कसोटी होय.

या प्रकाराचा उगम ब्रिटनमधला. आइल ऑफ मॅन बेटावर जोसेफ कनिंगहॅम यांनी १८९४ मध्ये तरुण पुरुषांसाठी तंबूंची सुट्टीची छावणी सुरू केली. तेथे मद्याला पूर्ण बंदी होती. १९०६ मध्ये जॉन फ्लेचर डॉड यांनी नॉरफोकच्या किनाऱ्यावर केस्टर येथे कामगारांसाठी अशीच छावणी उभारली. तिची शिस्त कडक होती आणि जुगार व मद्य दोन्ही वर्ज्य होते. त्या जागी आजही हॉलिडे पार्क चालू आहे, हे या व्यवसायाच्या चिवटपणाचे चांगले उदाहरण आहे.

आजचे स्वरूप मात्र बिली बटलिन यांच्यामुळे आले. वेल्समधील बॅरी बेटावर त्यांनी पाहिले की, खाणावळवजा घरांत उतरलेल्या कुटुंबांना घरमालकिणी सकाळच्या न्याहारीनंतर बाहेर काढत आणि संध्याकाळपर्यंत आत घेत नसत. मग बाहेर पाऊस कोसळत असला तरी मुलांना घेऊन आडोसा शोधत भटकण्यावाचून गत्यंतर नसे. या अनुभवातून त्यांनी ११ एप्रिल १९३६ रोजी स्केगनेस येथे पहिले संकुल उघडले. मोसमानुसार आठवड्याला ३५ शिलिंग ते ३ पौंड एवढ्या रकमेत छोटेखानी लाकडी घर, तीन वेळचे जेवण आणि सारी करमणूक मिळे. ‘एका आठवड्याच्या पगारात एका आठवड्याची सुट्टी’ ही त्यांची जाहिरात होती. पहिल्याच दिवसांत एक अडचण पुढे आली. सोयी सगळ्या होत्या, पण अनोळखी माणसे आपापल्या कोपऱ्यात बसून राहत. ती दूर करण्यासाठी लाल कोट घातलेले सेवक नेमण्यात आले. पाहुण्यांना खेळात ओढणे, स्पर्धा घेणे, मुलांना सांभाळणे आणि रात्री रंगमंचावर गाणे-नाचणे ही त्यांची कामे. आजच्या रिसॉर्टमध्ये गळ्यात शिट्टी अडकवून तलावाकाठी खेळ घेणारे तरुण-तरुणी याच परंपरेतले आहेत. आणि संकुल चांगले की सामान्य हे इमारतींपेक्षा या माणसांवरूनच ठरते.

१९३८ च्या कायद्याने ब्रिटिश कामगारांच्या पगारी सुट्टीला चालना मिळाली. दुसऱ्या महायुद्धात यातील अनेक छावण्या सैन्याच्या ताब्यात गेल्या आणि युद्धानंतर त्यांचा सुवर्णकाळ आला. १९६० नंतर विमानाने स्पेनला जाणे स्वस्त झाले तेव्हा गर्दी ओसरू लागली. १९८३ मध्ये बटलिन यांची फायली आणि क्लॅक्टन ही दोन संकुले बंद पडली. आज त्या नावाची स्केगनेस, माइनहेड आणि बॉग्नर ही तीनच उरली आहेत.

दरम्यान नेदरलँड्समध्ये पीट डर्कसेन यांनी १९६८ मध्ये रोव्हर येथे वेगळ्या धर्तीचे पार्क सुरू केले. झाडीत विखुरलेली, स्वयंपाकघर असलेली घरे आणि मध्यभागी सामाईक सोयी अशी त्याची रचना होती. पुढे ‘सेंटर पार्क्स’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या संस्थेने १९८० मध्ये डे एमहोफ येथे छपराखाली उबदार पाण्याचे मोठे जलक्रीडागृह बांधले आणि बारमाही हॉलिडे पार्क शक्य झाले. इंग्लंडमधील शेरवूड जंगलात १९८७ पासून चालणारे याच नावाचे पार्क सुमारे ४०० एकरांवर आहे. बटलिन असोत वा डर्कसेन, दोघांच्याही कल्पनेचे मूळ हवामानात होते: पाऊस आला तरी मुलांचा दिवस फुकट जाऊ नये. गोव्याचा विचार करताना हा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे.

गोव्यात मराठी कुटुंबांचा सहकुटुंब मुक्काम आधुनिक पर्यटनाहून कितीतरी जुना आहे. मंगेशी, म्हार्दोळ, कवळे, रामनाथी, नागेशी या फोंडा तालुक्यातील देवस्थानांच्या अग्रशाळांमध्ये, म्हणजे भाविकांच्या निवासांमध्ये, कुळदेवतेच्या दर्शनाला आलेली कुटुंबे उतरत आली आहेत, आणि आजही मुंबई-पुण्याकडच्या अनेक घरांची गोव्याची पहिली ओळख समुद्रापेक्षा अग्रशाळेच्या ओसरीवर होते. करमणुकीची बाजू जत्रा सांभाळते. देवळासमोरच्या आवारात खाजे-चण्यांची आणि खेळण्यांची दुकाने लागतात, पालखी निघते आणि रात्री उशिरापर्यंत स्थानिक कलाकारांचे मराठी नाटक किंवा दशावतारी काला रंगतो. यांना हॉलिडे पार्क म्हणता येणार नाही, कारण त्यांचे प्रयोजन धार्मिक आहे. तरीही एका आवारात मुक्काम, जेवण आणि सर्व वयोगटांची करमणूक यांची सांगड येथील समाजाला नवी नव्हती.

किनाऱ्यावरील आधुनिक रिसॉर्टची सुरुवात १९७४ मध्ये आग्वाद किल्ल्याजवळ झालेल्या ताज समूहाच्या हॉटेलाने झाली, असे मानायला हरकत नाही. त्यानंतर दक्षिण गोव्याच्या सासष्टी तालुक्यातील कोलवा, बाणावली, वार्का, केळशी, मोबोर या पट्ट्यात मोठी रिसॉर्ट उभी राहिली. कौटुंबिक हॉलिडे पार्कच्या सर्वांत जवळ जाणारा नमुना वार्का येथील क्लब महिंद्राच्या संकुलात दिसतो. १९९६ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेने मूळ योजनेत २५ वर्षांसाठी दरवर्षी सात दिवसांचा मुक्काम देणारे सदस्यत्व विकले. त्यामुळे तीच कुटुंबे पुन्हा पुन्हा येतात आणि मुलांचे खेळ, हस्तकला, संध्याकाळचे कार्यक्रम यांना सोयीपेक्षा अधिक महत्त्व येते.

तरीही युरोपीय अर्थाने सर्वकाही एका कुंपणात असलेले मोठे पार्क गोव्यात नाही. त्याचे घटक राज्यभर विखुरलेले आहेत. हणजूण येथे स्प्लॅशडाऊन हे वॉटर पार्क आहे, मिरामारला विज्ञान केंद्र आहे, लोटली येथे जुन्या गोमंतकीय खेड्याचे जीवन मांडणारे ‘बिग फूट’ हे खुले संग्रहालय आहे. बोंडला हे आठ चौरस किलोमीटरचे छोटे अभयारण्य प्राणिसंग्रहालयामुळे शाळांच्या सहलींचे ठरलेले ठिकाण झाले आहे. डिचोली तालुक्यातील मये तलावाकाठी पर्यटन विकास महामंडळाचा निवास आहे.

या सर्वांत फोंडा भागातील कुळागरांचा वाटा सर्वांत अस्सल म्हणावा लागेल. सुपारी, नारळ, मिरी, वेलची, जायफळ, व्हॅनिला यांची एकत्र लागवड असलेल्या केरी, सावई-वेरे, कुर्टी येथील बागांत पाहुण्यांचे स्वागत गवती चहाने होते आणि माहिती देत बागेतून फिरवले जाते. पाडेली, म्हणजे झाडावर चढून नारळ-सुपारी उतरवणारा, सुपारीच्या एका झाडावरून दुसऱ्या झाडावर झेप घेऊन दाखवतो, तेव्हा मुले मोबाइल विसरतात. शेवटी स्थानिक जेवण वाढले जाते. येथे करमणुकीसाठी काहीही नव्याने बांधावे लागत नाही. जे काम पिढ्यानपिढ्या चालत आले, तेच नीट दाखवले की पुरते.

गोव्याचा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो आणि त्याचे वार्षिक प्रमाण सुमारे ३,००० मिलिमीटर आहे. या काळात समुद्रात उतरणे धोक्याचे असते. शासनाने २००८ पासून किनाऱ्यांवर नेमलेले जीवरक्षक या दिवसांत लाल बावटे लावतात. किनाऱ्यावर अवलंबून असलेली कौटुंबिक सुट्टी तेव्हा खोलीतच अडकते. नेमक्या याच महिन्यांत सत्तरीतील म्हादई नदीवर वाळपईजवळ राफ्टिंग चालते, चोवीस जूनला सांजांव या ख्रिस्ती सणाच्या निमित्ताने तरुण विहिरींत आणि ओढ्यांत उड्या घेतात आणि आषाढी एकादशीनंतर माशेलच्या देवकीकृष्ण मंदिरासमोर चिखलकाल्यात सारा गाव चिखलात खेळतो. राफ्टिंग लहान मुलांसाठी नाही आणि चिखलकाला हा पाहुण्यांसाठी मांडलेला कार्यक्रम नाही, हे येथे लक्षात ठेवले पाहिजे. गावाने आपल्या देवासाठी जपलेल्या खेळात पाहुण्याने पाहुणा म्हणूनच सामील व्हावे.

मोठ्या पार्कला गोव्यात मुख्य अडचण जमिनीची आहे. राज्याचे क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर असून त्याचा बराच भाग जंगल, शेती, खाजन (बांध घालून राखलेली खाडीकाठची सखल जमीन) आणि कोमुनिदादींच्या (जुन्या ग्रामसंस्थांच्या) जमिनींनी व्यापलेला आहे. १९ फेब्रुवारी १९९१ च्या किनारपट्टी नियमन अधिसूचनेने भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतच्या बांधकामावर निर्बंध आणले. जमिनींच्या रूपांतराविरुद्ध झालेल्या जनआंदोलनानंतर शासनाला २००७ मध्ये ‘प्रादेशिक आराखडा २०११’ हा २०११ पर्यंतचा जमीनवापराचा आराखडा मागे घ्यावा लागला. उन्हाळ्यात अनेक गावांत नळाच्या पाण्याची टंचाई असताना जलक्रीडेसाठी एवढे पाणी कोठून येणार, हा ग्रामसभांत विचारला जाणारा प्रश्नही रास्त आहे. जानेवारी २०२३ मध्ये मोपा येथील विमानतळ सुरू झाल्यापासून पेडणे तालुक्यात जमिनींची मागणी वाढली असून तेथील डोंगर आणि पठारे यांवरील प्रकल्पांना हेच प्रश्न लागू होतात.