मोबाइलच्या कीबोर्डवर रोमन अंक

स्मार्टफोनवर रोमन संख्याचिन्हे टाइप करण्याची रीत. या चिन्हांसाठी कीबोर्डवर वेगळे बटण नसते. इंग्रजी वर्णमालेतली सात मोठी अक्षरे, म्हणजे आय (१), व्ही (५), एक्स (१०), एल (५०), सी (१००), डी (५००) आणि एम (१०००), हीच आकड्यांचे काम करतात. त्यामुळे आकड्यांच्या पानावर, चिन्हांच्या पानावर, अगदी इमोजींच्या गर्दीत शोधले तरी ती हाती लागत नाहीत; शोधणाऱ्याच्या डोळ्यांसमोरच असतात, फक्त अक्षरांच्या वेशात. (या नोंदीत रोमन अक्षरे त्यांच्या उच्चाराने लिहिली आहेत.)

सोलापुरात या आकड्यांशी रोजची गाठ पडते ती कॉलेजात. पुण्याकडे एफवाय, एसवाय, टीवाय म्हणतात, सोलापूर-कोल्हापूरकडे बी.ए. वन, बी.कॉम. टू, बी.एस्सी. थ्री. सोलापूर विद्यापीठ २००४ साली शिवाजी विद्यापीठातून वेगळे झाले, तेही एका जिल्ह्यापुरते. २०१९ पासून त्याला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचे नाव आहे. विद्यापीठ वेगळे झाले तरी वर्षाला ‘भाग’ म्हणायची आणि तो भाग रोमन आकड्यात लिहायची कोल्हापूरची सवय इकडे टिकली. त्यात सेमिस्टरची भर पडली. परीक्षेचे फॉर्म सुटले की झेरॉक्सच्या दुकानात गर्दी होते, पोरं व्हॉट्सअ‍ॅपवर मजकूर पाठवतात आणि दुकानदार स्क्रीनकडे डोळे बारीक करून विचारतो, “हे टू हाय का इलेव्हन?” प्रश्न रास्त असतो. पाठवणाऱ्याने १ हा आकडा दोनदा टाइप केलेला असतो. कागदावर दोन उभ्या रेघा मारल्या की दोन होतात, हे हाताला ठाऊक असते. फोनवर त्याच दोन रेघा अकरा होतात.

तसे हे आकडे शाळेतच शिकवलेले असतात. बालभारतीच्या पाचवीच्या गणितात ‘रोमन संख्याचिन्हे’ हा पहिलाच पाठ. आय आणि एक्स लागोपाठ तीनदाच लिहायचे, व्ही एकदाच, लहान चिन्ह मोठ्याच्या उजवीकडे आले तर बेरीज आणि डावीकडे आले तर वजाबाकी, एवढे नियम शिष्यवृत्तीच्या तयारीत पाठ झालेले असतात. ते टाइप कसे करायचे हे मात्र त्या पाठात येत नाही. पाचवीच्या मुलाला वही-पेन्सिलीने भागते.

इंग्रजी कीबोर्डवर

सरळ मार्ग असा. कीबोर्ड इंग्रजीवर आणायचा, शिफ्टचा बाण लागोपाठ दोनदा दाबायचा म्हणजे सगळी अक्षरे मोठी उमटतात, आणि मग अक्षरे एकेक करून टाइप करायची. अँड्रॉइड असो की आयफोन, रीत हीच. शिफ्ट एकदाच दाबला तर पहिले अक्षर मोठे आणि पुढची छोटी असा विचित्र आकडा तयार होतो. एकट्या छोट्या आयला फोन आपणहून मोठा करतो, कारण इंग्रजीत ‘मी’ या अर्थाचा आय मोठाच लिहितात. दोन आय लागोपाठ आले की ती मेहेरबानी संपते. एकाच यादीत ‘भाग एक’ मोठ्या अक्षरात आणि ‘भाग दोन’ छोट्या अक्षरात दिसतो, त्यामागचे कारण एवढेच.

चुका कुठे होतात हे कीबोर्डची मांडणीच सांगते. एक्स, सी आणि व्ही ही तीन अक्षरे खालच्या ओळीत एकमेकांना चिकटून आहेत. पंधरा लिहायला एक्स आणि व्ही लागतात. अंगठा व्हीवरून जरा डावीकडे सरकला की एक्स-सी होते, म्हणजे नव्वद. एक्स-ओ झाले असते तर कोणाच्याही लक्षात आले असते. एक्स-सी हा अस्सल रोमन आकडा असल्यामुळे कोणी हटकत नाही. प्रस्तुत नोंदकाराने वसाहतीच्या गणेश मंडळाच्या डिजिटल बोर्डासाठी मजकूर पाठवताना नेमके हेच केले आणि मंडळाचे वय एका रात्रीत पंचाहत्तर वर्षांनी वाढले. पूर्ण विसर्जनापर्यंत तो बोर्ड चौकात उभा होता. येणारेजाणारे विचारत, “नव्वद वर्षं? आम्हाला कसं माहीत नाही?”

दुसरा सापळा आयच्या बटणात आहे. जीबोर्डवर, म्हणजे गूगलच्या कीबोर्डवर, आकड्यांची वेगळी ओळ बंद असेल, तर वरच्या ओळीतल्या दहा अक्षरांच्या पोटात दहा आकडे असतात. बटण जरा जास्त वेळ दाबून धरले की आकडा बाहेर येतो. आय हे त्या ओळीतले आठवे अक्षर. त्यामुळे सावकाश टाइप करणाऱ्या माणसाने सहा लिहायला व्ही-आय दाबावे आणि व्हीपुढे ८ उमटावा, असे घडते. हातात बोटांचा जोर असलेल्या वडीलधाऱ्यांकडून हे हमखास होते, आणि दोष फोनला मिळतो.

बोट न उचलता अक्षरांवरून फिरवत लिहायची सोय इथे कुचकामी. तीन आय लागोपाठ हवे असतील तर बोट फिरवणार कुठे? बोललेले टाइप करणारा माइकही ‘भाग दोन’ ऐकून २ किंवा ‘दोन’ लिहितो, रोमन नव्हे. स्पेलिंग सुधारणारी यंत्रणा रोमन आकड्याला चुकलेला शब्द समजते आणि त्या जागी भलताच शब्द बसवते. अशा वेळी वरच्या पट्टीत आपण टाइप केलेली मूळ अक्षरे दिसत असतील तर त्यांवर बोट ठेवायचे. उलट गंमत म्हणजे एम-आय-एक्स, म्हणजे १००९, हा आकडा फोन विनातक्रार स्वीकारतो. त्याच्या लेखी तो ‘मिक्स’ असतो.

उभ्या रेघेचा घोळ जुना आहे. साध्या, बिनशेंडीच्या टाइपात मोठा आय आणि छोटा एल हुबेहूब सारखे दिसतात. इंग्रजीच्या बऱ्याच जुन्या टाइपरायटरांना १ चे बटणच नसायचे. छोटा एल दाबून एक लिहायचा असे टायपिंग क्लासमध्ये शिकवत. त्या क्लासमधून बाहेर पडलेला हात आजही फोनवर एल दाबून ‘एक’ लिहितो. डोळ्याला फरक दिसत नाही, पण शोध घेताना फाइल सापडत नाही. त्यातही एक्सपुढे आय असेल तर अकरा आणि एल असेल तर चाळीस, म्हणजे हा घोळ नुसता दिसण्यापुरता राहत नाही.

मराठी कीबोर्डवर

मराठी मजकुराच्या मध्येच रोमन आकडा लिहायचा असेल तर खरी कसोटी. इंग्रजी अक्षरांतून मराठी उमटवणारा कीबोर्ड चालू असेल तर व्ही-आय दाबताच पट्टीत ‘वि’, ‘वी’ हजर होतात. यंत्र आपल्या जागी बरोबर असते. त्याला अक्षरे दिसतात, आकडा नाही. देवनागरी बटणांच्या कीबोर्डवर तर ही अक्षरेच नाहीत. उपाय एकच, पृथ्वीगोलाचे बटण दाबून इंग्रजीवर जायचे, आकडा लिहायचा, परत यायचे.

दोन भाषांच्या फोनवर ही ये-जा खपून जाते. सोलापुरात फोन दोन भाषांचा असतोच असे नाही. पूर्व भागातल्या पद्मशाली घरात तेलुगू, अक्कलकोटकडच्या घरात कन्नड, आणखी कुठे उर्दू, आणि प्रत्येकाच्या फोनवर त्याशिवाय मराठी व इंग्रजी. गोल दाबत गेले की कीबोर्ड एकामागून एक फिरतात आणि हवा तो नजरेसमोरून निघून जातो. पुन्हा एक फेरी. जीबोर्डवर स्पेसबार दाबून धरला तर सगळ्या भाषांची यादी एकदम समोर येते, हे माहीत असलेला माणूस ही फेरी वाचवतो.

न माहीत असलेल्यांनी स्वतःची पळवाट काढली आहे, आणि ती नोंद घेण्याजोगी आहे. देवनागरीतला दंड (।) दिसायला रोमन एकासारखा, दुहेरी दंड (॥) रोमन दोनासारखा. लग्नपत्रिकेच्या माथ्यावर ‘॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥’ लिहिणारे चिन्ह मराठी कीबोर्डच्या चिन्हांत मिळते. तेच उचलून ‘बी.कॉम. भाग ॥’ असे लिहिले जाते. तीन हवे असतील तर दुहेरी दंडाला एक साधा दंड जोडतात. चार आले की मात्र ही युक्ती संपते, कारण व्हीसारखा दिसणारा दंड देवनागरीत नाही. माणसाला वाचायला यात अडचण नसते. यंत्राच्या लेखी मात्र हे श्लोकाच्या शेवटी येणारे विरामचिन्ह असते, आकडा नव्हे. युनिकोडने, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या चिन्हांना संगणकासाठी क्रमांक देणाऱ्या प्रमाणाने, कन्नड आणि तेलुगूसाठीही हेच दंड ठरवले आहेत, म्हणून तिकडूनही चूक अगदी अशीच होते. ऑनलाइन फॉर्मच्या चौकटीत दंड टाकला आणि फॉर्म अडून बसला तर दोष नेटचा नसतो.

वारंवार लागणाऱ्या आकड्यांसाठी शॉर्टकट करून ठेवणे सर्वांत सोयीचे. आयफोनमध्ये सेटिंग्ज, जनरल, कीबोर्ड या वाटेने ‘टेक्स्ट रिप्लेसमेंट’ मिळते. जीबोर्डमध्ये डिक्शनरीतल्या वैयक्तिक शब्दकोशात हीच सोय आहे. तिथे हवा तो आकडा आणि त्याचा छोटा संकेत एकदा भरला की काम झाले. जीबोर्डमधला शब्दकोश भाषेप्रमाणे वेगळा असतो. इंग्रजीत भरलेला संकेत मराठीत चालला नाही म्हणून चिडू नये, तिथेही भरावा.

तयार चिन्हे

युनिकोडमध्ये रोमन आकड्यांची स्वतंत्र चिन्हे आहेत, यू+२१६० या क्रमांकापासून पुढे. एक ते बारा आणि त्यानंतर पन्नास, शंभर, पाचशे व हजार अशी सोळा मोठी, तितकीच छोटी, शिवाय काही प्राचीन रूपे. ती आली पूर्व आशियातल्या जुन्या संकेतसंचांशी जुळवून घेण्यासाठी. उभ्या ओळीत लिहिताना ‘बारा’ एकाच चौकटीत बसवायचा तर तो एकच चिन्ह असावा लागतो. एरवी साधी इंग्रजी अक्षरे वापरावीत असे युनिकोडचे प्रमाणच सांगते. ही चिन्हे कॉपी-पेस्ट करून वापरणारे पुष्कळ आहेत. दिसतात छान, पण एखाद्या फाँटमध्ये नसली तर त्या जागी रिकामी चौकट येते, आणि अक्षरे टाइप करून शोधणाऱ्याला ती सापडतीलच असे नाही. नोंदकाराच्या मते त्यांच्या वाटेला जाऊ नये.

मोठा आकडा असेल तर डोके शिणवण्यात अर्थ नाही. गूगल शीट्स किंवा एक्सेल फोनवर असेल तर बरोबरच्या चिन्हापुढे ‘रोमन’ हे फंक्शन इंग्रजीत लिहून कंसात संख्या द्यायची. ३९९९ पर्यंतचे कोणतेही उत्तर तयार मिळते. ‘अरेबिक’ हे फंक्शन उलटे काम करते. सोलापूरची जुनी मिल १८७७ची; ते साल रोमनमध्ये एम-डी-सी-सी-सी-एल-एक्स-एक्स-व्ही-आय-आय, अकरा अक्षरे. विद्यापीठाचे २००४ मात्र एम-एम-आय-व्ही, चारच. ३९९९च्या पुढे जायचे तर अक्षरांच्या डोक्यावर आडवी रेघ लागते आणि ती फोनच्या नेहमीच्या कीबोर्डवर नसते.

फाइलींना नावे देताना आणखी एक बाब लक्षात येते. वर्णक्रमाने लावल्यास पहिल्या ते आठव्या सेमिस्टरच्या फाइली अचूक क्रमाने बसतात, म्हणून इंजिनिअरिंगच्या पोरांना कधी काही खटकत नाही. नऊ आले की क्रम बिघडतो. आय-एक्स हे आय-व्हीच्या मागोमाग आणि व्हीच्या आधी जाऊन बसते. दहा प्रकरणांच्या नोट्समध्ये नववे प्रकरण पाचव्याच्या आधी दिसते ते यामुळे.

मराठीत गरज किती

कॉलेज सोडले तर मराठी मजकुराला रोमन आकड्यांची गरज थोडी. इंग्रजी पुस्तकात नावापुढे रोमन दोन असलेला राजा मराठीत ‘दुसरा’ होतो. सोलापूरचा भुईकोट किल्ला चांदबिबीच्या लग्नात विजापूरकरांकडे आंदण गेला. नवरदेव होता पहिला अली आदिलशाह. कल्याणीच्या चालुक्यांपैकी सहावा विक्रमादित्यही ‘सहावा’ म्हणूनच ओळखीचा. सोलापुरात जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९४२ साली चीनमध्ये वारले तेव्हा चालू होते ते ‘दुसरे महायुद्ध’. इंग्रजीतून जसेच्या तसे उतरवणारेच तिथे दोन आय ठेवतात. कोर्टात दिवाणी प्रक्रिया संहितेच्या इंग्रजी पाठात ऑर्डरचे क्रमांक रोमन आहेत, पण मनाई हुकमाच्या अर्जावर वकील बिनदिक्कत ‘ऑर्डर ३९ रूल १ व २’ लिहितात आणि कोणाचे काही अडत नाही.

दवाखान्यात मात्र आकडा बदलून चालत नाही. रक्त गोठवणारा आठवा घटक आणि ईसीजीची दुसरी लीड रोमनमध्येच लिहायची रूढी आहे. तिथेच नेमका उलटा चकवाही आहे. औषधांच्या नियमांतले ‘शेड्यूल एक्स’ म्हणजे दहावे शेड्यूल नव्हे. ती शेड्यूले ए, बी, सी अशी अक्षरांनी चालतात आणि हा एक्स खराखुरा एक्स आहे. मेडिकल दुकानाच्या मराठी पाटीवर किंवा मेसेजमध्ये त्याचे ‘शेड्यूल १०’ करू नये.