तेजोमेघाचा रंग येतो कुठून? नॅरोबँड प्रक्रियेची पार्श्वभूमी

डिसेंबरच्या अखेरीस कोल्हापुरातून रोझेट तेजोमेघ मध्यरात्री जवळपास डोक्यावर येतो, दक्षिण क्षितिजापासून सुमारे ७८ अंश वर. त्याच्यावर रोखलेल्या मोनो (कृष्णधवल) कॅमेऱ्यातून पहाटेपर्यंत जे हाती लागते त्यात रंगाचा लवलेशही नसतो. एच-अल्फा (हायड्रोजन), ओ-थ्री (ऑक्सिजन) आणि एस-टू (गंधक) या तीन नॅरोबँड, म्हणजे अगदी अरुंद पट्ट्याच्या, फिल्टरांमधून घेतलेल्या, पाच-पाच मिनिटांच्या राखाडी फ्रेम, एवढेच. त्या एकावर एक रचून, लाल-हिरव्या-निळ्या वाहिन्यांत घालून पहिल्यांदा जोडल्या की पडद्यावर ते प्रसिद्ध सोनेरी-निळे चित्र येत नाही. येते ते आडसाली उसाच्या फडासारखे हिरवेगार काहीतरी. नवख्याला वाटते, आपले कुठेतरी चुकले. चुकलेले काही नसते. त्या हिरव्याचे मूळ १९९५ सालच्या एका निर्णयात आहे आणि त्या निर्णयाचे मूळ त्याहून १३१ वर्षे मागे.

२९ ऑगस्ट १८६४ रोजी विल्यम हगिन्स यांनी कालेय तारकासमूहातील एका तेजोमेघाकडे वर्णपटदर्शक वळवला. ताऱ्यासारखा सलग इंद्रधनुषी पट्टा दिसायला हवा होता. दिसल्या त्या काळ्या पार्श्वभूमीवरच्या मोजक्या तेजस्वी रेषा. म्हणजे हा दुरून धूसर दिसणारा तारकांचा पुंजका नाही, विरळ वायू आहे. त्यातल्या ठळक हिरव्या रेषा पृथ्वीवरच्या कोणत्याच मूलद्रव्याशी जुळेनात, म्हणून ‘नेब्युलियम’ नावाचे नवे मूलद्रव्य कल्पिले गेले. ही मुख्य रेषा म्हणजे मॅग्नेशियमच्या पट्ट्याची कडा असावी, असेही नॉर्मन लॉकियर यांचे मत होते. या वादात पुण्याचाही वाटा आहे, आणि तो आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही. महाराजा तख्तसिंहजी वेधशाळेतील परावर्ती दुर्बीण वापरून के. डी. नायगमवाला यांनी १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला मृगातील तेजोमेघाची हीच रेषा तपासली. ती त्यांना धारदार दिसली, पट्ट्याच्या कडेसारखी एका बाजूला विरत जाणारी नव्हे.

कोडे सुटले १९२७ मध्ये. आयरा बोवेन यांनी दाखवले की या रेषा दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनच्या आहेत. प्रयोगशाळेत तसा अणू प्रकाश सोडण्याआधीच दुसऱ्या अणूवर आदळून ऊर्जा गमावतो. तेजोमेघात वायू इतका विरळ असतो की त्याला निवांत वेळ मिळतो. आज फिल्टरच्या कडेवर छापलेला ‘ओ-थ्री’ तो हाच, ५००.७ नॅनोमीटरचा. सोबत हायड्रोजनची ६५६.३ आणि गंधकाची ६७१.६ व ६७३.१ ही जोडी. गोम इथेच आहे. यातल्या हायड्रोजन आणि गंधकाच्या रेषा डोळ्याला लालच दिसतात आणि त्यांच्यात जेमतेम १५ नॅनोमीटरचे अंतर आहे. खरे रंग जसेच्या तसे ठेवले तर हायड्रोजन कुठे संपतो आणि गंधक कुठे सुरू होते, हे चित्रात कळणारच नाही.

तीन कृष्णधवल छायाचित्रांतून एक रंगीत चित्र करता येते, हे मॅक्सवेल यांनी १८६१ मध्येच फितीचे चित्र दाखवून सिद्ध केले होते. पण त्यांनी लाल फिल्टरची प्रतिमा लाल प्रकाशातच परत टाकली होती. तेजोमेघ पहिल्यांदा छायाचित्रात आला तो ३० सप्टेंबर १८८० रोजी, हेन्री ड्रेपर यांच्या ११ इंची दुर्बिणीतून, सुमारे ५० मिनिटांच्या उघडीपीने (एक्स्पोजरने). पुढची कित्येक दशके काचेवरच्या रसायनाशी झटापट करण्यात गेली. प्रकाश मंद असेल तर प्लेटची संवेदनशीलता उघडीपीच्या काळाबरोबर घसरत जाते, आणि सुरुवातीच्या प्लेट लाल रंगाला जवळपास आंधळ्याच होत्या. लालसंवेदी प्लेटवर १९४९ पासून पालोमारचे आकाशसर्वेक्षण झाले, तेव्हा हायड्रोजनचे ढग रांगेने उजेडात आले. स्ट्युअर्ट शार्पलेस यांनी १९५९ मध्ये त्यांतून ३१३ नोंदींची यादी केली. रोझेट त्यात २७५ वा.

आज सॉफ्टवेअरमध्ये एका क्लिकवर होणारी बरीच कामे डार्करूममधून आलेली आहेत. अँग्लो-ऑस्ट्रेलियन वेधशाळेत डेव्हिड मॅलिन यांनी प्लेटची मुद्दाम धूसर केलेली उलटी प्रत मूळ प्लेटवर ठेवून छपाई केली. त्यामुळे झगझगीत गाभा दबतो आणि त्यातली बारीक रचना वर येते. हेच अनशार्प मास्किंग. नाव ऐकून धार लावण्याचे हत्यार वाटते, पण मुळात ते उजेड आवरण्यासाठी होते. म्हणूनच ते ठोकून वापरले की ताऱ्यांभोवती काळी कडी उमटतात.

मग आला तो निर्णय. १ एप्रिल १९९५ रोजी हबलने गरुड तेजोमेघाचे खांब टिपले. जेफ हेस्टर आणि पॉल स्कोवेन यांनी ६७३, ६५६ आणि ५०२ नॅनोमीटरच्या फिल्टरांमधल्या प्रतिमा तरंगलांबीच्या उतरत्या क्रमाने लावल्या: गंधक लाल, हायड्रोजन हिरवा, ऑक्सिजन निळा. क्रम खरा, रंग नेमून दिलेले. हौशी छायाचित्रकार त्यालाच ‘हबल पॅलेट’ किंवा एसएचओ म्हणतात. बहुतेक तेजोमेघांत हायड्रोजन बाकी दोघांच्या कितीतरी पट तेजस्वी असतो आणि त्याच्या वाट्याला हिरवी वाहिनी आली आहे. उसाचा फड दिसतो तो यामुळे. (ज्या चित्रामुळे ही पद्धत रूढ झाली तो गरुड तेजोमेघ मध्यरात्री सर्वात उंच येतो तो जूनच्या शेवटच्या आठवड्यात, म्हणजे कोल्हापुरात आभाळ फाटलेले असते तेव्हा. आपल्याला तो मिळतो एप्रिल-मेच्या पहाटे, नाहीतर ऑक्टोबरच्या संध्याकाळी पश्चिमेकडे कलताना.)

शहरातून हे सगळे शक्य झाले ते व्यतिकरण (इंटरफिअरन्स) फिल्टरांमुळे. काचेवर पातळ थरांवर थर चढवून केलेला ३ नॅनोमीटरचा फिल्टर दृश्य प्रकाशाचा जेमतेम शंभरावा भाग आत सोडतो. सोडियमचे पिवळे दिवे होते तोवर ५८९ नॅनोमीटरच्या आसपासचा पट्टा कापणारे साधे फिल्टरही चालत. पांढऱ्या एलईडीचा उजेड सगळ्या वर्णपटावर पसरलेला, त्यामुळे ते निकामी ठरले. राजारामपुरीच्या गच्चीवरून आज खरा उपयोग नॅरोबँडचाच. तरी त्यालाही मर्यादा आहेत. एच-अल्फा पौर्णिमेलाही घेता येतो. ओ-थ्री निळसर बाजूला असल्याने चांदण्यात वाहून जातो, त्यामुळे त्याला अंधाऱ्या पंधरवड्यातल्या रात्री राखून ठेवाव्यात. आणखी एक अडचण खास इथली. रोझेटचा हंगाम तोच उसाच्या गळिताचा. गुऱ्हाळे पेटलेली असतात, फडात पाचट जळते, धूर खाली दबून राहतो. बारीक धूर लालपेक्षा निळा-हिरवा प्रकाश जास्त विखुरतो, म्हणून ओ-थ्रीच्या फ्रेम अकरा ते दोनमध्ये, तेजोमेघ माथ्यावर असताना घ्याव्यात आणि एच-अल्फाला कडेच्या वेळा द्याव्यात. पन्हाळ्यावर किंवा राधानगरीकडे गेल्यास फरक पडतो, पण दव तिथेही आहेच. दुर्बिणीच्या तोंडाशी हीटरची पट्टी नसेल तर पहाटे तीननंतरच्या फ्रेममध्ये तारे फुगलेले दिसतात.

प्रक्रियेत सगळ्यात जास्त घोळ होतो तो पहिल्याच पायरीवर, आणि रंगाच्या नादात तिच्याकडेच दुर्लक्ष होते. प्रत्येक फ्रेममधून डार्क (झाकण लावून घेतलेली फ्रेम) वजा करायची, आणि फ्लॅटमधून (एकसारख्या उजेडावर घेतलेली फ्रेम) फ्लॅट-डार्क (फ्लॅटइतक्याच उघडीपीची डार्क) वजा करून उरलेल्याने भागायचे. डार्कचे तापमान, गेन (सेन्सरच्या संकेताची वाढ) आणि उघडीप मूळ फ्रेमइतकीच हवी. सेन्सरमधला उष्णतेचा प्रवाह दर ६ अंशांना साधारण दुप्पट होतो. मे महिन्यात इथली रात्र उबदारच असते, आणि बहुतेक कॅमेऱ्यांचा कूलर हवेपेक्षा ३५ अंशच खाली नेऊ शकतो. म्हणून वर्षभरासाठी उणे ५ अंश ठरवून त्याच तापमानाच्या ३०-४० डार्क एकदाच करून ठेवणे सोयीचे. डिसेंबरात उणे २० आणि मेमध्ये शून्य असा खेळ केला की डार्कचा हिशेब कधीच लागत नाही.

फ्लॅट प्रत्येक फिल्टरच्या वेगळ्या, २५ तरी, मध्यक मूल्य ६५,५३५ पैकी ३०,००० च्या आसपास. पांढऱ्या एलईडी पॅनेलला गडद लालमध्ये फारसा दम नसतो, त्यामुळे एस-टूच्या फ्लॅटला कित्येक सेकंद लागतात. ते बरेच आहे, कारण अगदी लहान उघडीपीत पॅनेलच्या लुकलुकण्याचे आडवे पट्टे येतात. धुळीचे गोल चकदे काय झाले आहे ते सांगतात. फ्लॅट लावूनही चकदा अंधुकसा काळा राहिला तर फ्लॅटमधून फ्लॅट-डार्क वजा झालेली नाही. उलट तो उजळ होऊन उठून दिसला तर मूळ फ्रेममधली डार्क राहिली आहे, कारण न काढलेला तळही फ्लॅटने भागला गेला. दोन्ही वेळा ग्रेडियंट (पार्श्वभूमीच्या उजेडाचा चढउतार) काढणाऱ्या सॉफ्टवेअरला दोष देण्यात अर्थ नाही.

दर दोन-तीन फ्रेमनंतर दुर्बीण ५ ते १० पिक्सेल सरकवावी, म्हणजे डिदरिंग. ते नसेल तर सेन्सरचे कायमचे डाग रचताना एकाच दिशेने ओढले जातात आणि चित्रात पावसाच्या सरीसारखे तिरके ओरखडे येतात. रचताना सिग्मा क्लिपिंगने (बाकी फ्रेमशी न जुळणारे आकडे वगळून) उपग्रहांच्या रेघा निघून जातात. गोंगाट निम्मा करायचा तर फ्रेम चौपट लागतात, हे गणित कुठल्याही सॉफ्टवेअरने बदललेले नाही. रोझेटसाठी एच-अल्फा ३ तास आणि बाकी दोन्ही ५-५ तास ही वाजवी वाटणी. उलटी वाटणी करणारे बरेच. एच-अल्फाची फ्रेम लगेच देखणी दिसते ना!

पुढची कामे स्ट्रेच करण्याआधीची (मंद भाग दिसावेत म्हणून आकडे ताणण्याआधीची), म्हणजे आकडे अजून प्रकाशाच्या सरळ प्रमाणात असतानाची: कडा कापणे, ग्रेडियंट काढणे आणि डिकॉन्व्होल्युशन (पसरलेला प्रकाश गणिताने पुन्हा आवळणे). शेवटची रीत १९७२ मध्ये रिचर्डसन यांनी आणि १९७४ मध्ये लुसी यांनी स्वतंत्रपणे मांडली. ग्रेडियंट काढताना नमुन्याचे ठिपके तेजोमेघावर पडू देऊ नयेत. रोझेट पूर्ण चंद्राच्या जवळपास अडीच पट रुंद आहे आणि त्याची फिकी झालर त्याहूनही बाहेर जाते. तिथे ठिपके पडले की सॉफ्टवेअर झालरीलाच प्रदूषण समजून खाऊन टाकते.

मग तारे वेगळे काढायचे. यामागचे कारण रंगाचेच आहे. तारा सगळ्या तरंगलांबींत प्रकाश देतो, म्हणून तिन्ही फिल्टरांत तो साधारण सारखाच येतो. पण अशक्त एस-टू आणि ओ-थ्री यांना एच-अल्फाच्या बरोबरीला आणण्यासाठी जास्त ताणले जाते, आणि त्यांच्यासोबत ताऱ्यांचा लाल-निळाही ताणला जातो. ताऱ्यांभोवतीची ती जांभळट-गुलाबी कडी यातूनच येते. स्टारनेटसारख्या न्यूरल नेटवर्कने तारे काढून तेजोमेघ एकटा ताणावा. ताऱ्यांसाठी साध्या लाल-हिरव्या-निळ्या फिल्टरांतून प्रत्येकी ३० सेकंदांच्या २० फ्रेम घेतल्या तर पुरतात. त्या शेवटी स्क्रीन पद्धतीने मिसळाव्यात. नुसती बेरीज केली तर गाभे जळतात.

तीन तारारहित प्रतिमा वेगवेगळ्या ताणून, पार्श्वभूमी एका पातळीवर आणून जोडल्या की हिरवा अर्धा तिथेच कमी होतो. उरलेला काढणारे साधन हिरव्याला लाल आणि निळ्याच्या सरासरीवर जाऊ देत नाही, बस. ते पूर्ण जोराने चालवले तर हायड्रोजनचे तपशीलच छाटले जातात, कारण ते हिरव्यातच आहेत. म्हणून आधी हिरव्याची छटा पिवळ्याकडे वळवावी, छाटणी नंतर आणि थोडी. सोनेरी रंग म्हणजे गंधक आणि हायड्रोजन जिथे एकत्र आहेत तो भाग. मधला निळा म्हणजे तरुण ताऱ्यांच्या अतिनील प्रकाशाने दोन इलेक्ट्रॉन गमावलेला ऑक्सिजन. चित्राखाली कोणता वायू कोणत्या रंगात आहे आणि प्रत्येक फिल्टरचे तास किती, हे लिहायला हवे. ते नसेल तर सोनेरी रंगाचा अर्थ बघणाऱ्याला लागत नाही.

जून ते सप्टेंबर फिल्टर सिलिका जेलसोबत हवाबंद डब्यात जातात, नाहीतर लेपावर बुरशी धरते. कॅमेऱ्यातून आलेल्या मूळ फाइली मात्र पुसू नयेत. त्यांचे फिट्स हे स्वरूप १९८१ सालापासूनचे आहे आणि आजही कुठेही उघडते. तारे काढणारी साधने यायच्या आधीच्या फ्रेमही त्यातून पुन्हा नव्याने चालवता येतात, फक्त त्यांच्या डार्क आणि फ्लॅट त्याच फोल्डरात हव्यात.