परदेशात हरवलेलं मूल : शोध कुठे अडतो

३ मे २००७. पोर्तुगालच्या दक्षिण किनाऱ्यावर, अल्गार्व भागातल्या प्राया दा लूझ गावात एक ब्रिटिश कुटुंब सुट्टीसाठी उतरलं होतं. रात्री दहाच्या सुमारास आई मुलं झोपलीत ना हे बघायला खोलीत गेली. दोन वर्षांची जुळी गाढ झोपेत होती. थोरलीचा पलंग रिकामा होता. मॅडलिन मॅकॅनच्या चौथ्या वाढदिवसाला तेव्हा नऊ दिवस राहिले होते. त्या रात्री सुरू झालेला शोध २०२५ च्या जूनमध्येही चालू होता. जर्मन आणि पोर्तुगीज पोलीस त्याच परिसरातली पडकी घरं आणि झुडपांनी भरलेलं रान तपासत होते.

तीन देशांचे पोलीस, अठरा वर्षं, आणि मूल सापडलेलं नाही. यामागे गुन्हेगाराची हुशारी किती, ते ठाऊक नाही. पण मूल परक्या देशात हरवलं की शोधाच्या वाटेत जे अडथळे उभे राहतात, ते मात्र आपल्याला नीट सांगता येतात. त्यांना मोठा इतिहास आहे.

आधी त्या पहिल्या रात्रीबद्दल. आईवडिलांना तिथली भाषा येत नव्हती. सर्वात आधी पोचले ते गावाकडची गस्त सांभाळणाऱ्या रिपब्लिकन गार्डचे जवान. अपहरणासारख्या गुन्ह्याचा तपास करणारं न्यायिक पोलीस दल वेगळं, आणि ते आलं मध्यरात्र उलटल्यावर. तोवर घाबरलेले मित्र, शेजारी, रिसॉर्टची माणसं त्या खोलीत जाऊन-येऊन गेली होती. कुणाच्याही मनात वाईट नव्हतं, मूल हरवल्यावर माणसं धावतातच. पण जमिनीवरचे, खिडकीवरचे जे काही ठसे असतील ते त्या धावपळीत पुसले जातात आणि पुन्हा मिळत नाहीत. त्यात स्पेनची हद्द गाडीने दीडेक तासावर. पोर्तुगाल आणि स्पेन १९९५ पासून शेंगेन व्यवस्थेत आहेत, म्हणजे रस्त्यावर पासपोर्ट बघायला कुणी उभं नसतं.

पुढचा अडथळा कायद्याचा होता. ब्रिटनमध्ये मूल हरवलं की पोलीस लगेच पत्रकारांसमोर येतात, फोटो देतात, लोकांना मदतीची हाक देतात. पोर्तुगालच्या कायद्यात चालू तपासाबद्दल गुप्तता पाळण्याचं बंधन होतं. अधिकारी गप्प राहिले आणि ती पोकळी अफवांनी भरली. सप्टेंबर २००७ मध्ये खुद्द आईवडिलांनाच ‘अर्गिदो’ ठरवलं गेलं. पोर्तुगीज कायद्यात हा औपचारिक संशयिताचा दर्जा आहे. त्यासोबत गप्प राहण्याचा आणि वकील घेण्याचा हक्कही मिळतो. पण सीमेपलीकडच्या वाचकांच्या लेखी त्या एका शब्दाचा अर्थ ‘गुन्हेगार’ असाच झाला. जुलै २००८ मध्ये हा दर्जा मागे घेतला गेला आणि फाइलही बंद झाली. मुलगी गेली ती गेलीच, वर तिच्या मृत्यूबद्दलचा संशय डोक्यावर. ते महिने त्या दोघांनी कसे काढले असतील, याचा विचारही करवत नाही.

अशा वेळी लोक म्हणतात, आपल्या देशाचे पोलीस पाठवा, दूतावासाला सांगा. पण १९६३ च्या व्हिएन्ना करारानुसार वाणिज्य दूताला यजमान देशाचे कायदे पाळावेच लागतात. तो वकिलांची यादी देईल, दुभाषी शोधून देईल, तिथल्या अधिकाऱ्यांकडे पाठपुरावा करेल. तपास त्याला करता येत नाही. परक्या पोलिसालाही तिथे निमंत्रणाशिवाय एक दार ठोठावता येत नाही. म्हणूनच लंडनच्या पोलिसांनी २०११ मध्ये मॅडलिनच्या शोधासाठी ‘ऑपरेशन ग्रेंज’ नावाची मोहीम सुरू केली, तेव्हा प्रत्येक चौकशीसाठी पोर्तुगालकडे कायदेशीर विनंती पाठवावी लागत होती.

हे सगळं याआधीही घडलेलं होतं. २४ जुलै १९९१ रोजी ग्रीसच्या कोस बेटावर बेन नीडहॅम हा २१ महिन्यांचा ब्रिटिश मुलगा असाच नाहीसा झाला. आजोबा दुरुस्त करत असलेल्या शेतघराजवळ तो खेळत होता. पुढे कितीतरी वर्षं ‘तसाच मुलगा दिसला’ म्हणून निरोप येत राहिले, चाचण्या होत राहिल्या, प्रत्येक वेळी तो दुसराच कुणी निघाला. २०१६ मध्ये साउथ यॉर्कशर पोलिसांनी तिथे पुन्हा खोदकाम केलं तेव्हा एक छोटी खेळण्यातली मोटार सापडली. मुलाचा अपघाती मृत्यू झाला असावा, असा निष्कर्ष पोलिसांनी काढला. देह मात्र मिळाला नाही. पंचवीस वर्षांनी मातीतून बाहेर आली ती एवढीशी मोटार.

देशोदेशीच्या पोलिसांना एकमेकांशी जोडायची कल्पना तशी जुनी. इंटरपोलचं मूळ १९२३ सालच्या व्हिएन्नातलं, आणि रंगांनुसार नोटिसा काढायची पद्धत १९४६ पासूनची. हरवलेल्या माणसासाठी, विशेषतः मुलासाठी, पिवळी नोटीस असते. ही नोटीस आईवडिलांना मागता येत नाही, हे बहुतेकांना माहीत नसतं. इंटरपोलशी जोडलेल्या, देशाच्या राष्ट्रीय केंद्रीय कार्यालयाने विनंती करावी लागते. शिवाय नोटीस म्हणजे फक्त खबर. समोरच्या देशाने किती जोर लावायचा हे त्याच्या मर्जीवर.

लोकांना डोळे उघडे ठेवायला लावणारी साधनं मुख्यतः अमेरिकेतून आली. २५ मे १९७९ रोजी न्यूयॉर्कमध्ये सहा वर्षांचा ईटन पॅट्झ शाळेच्या बसकडे जाताना हरवला. पुढे दुधाच्या खोक्यांवर हरवलेल्या मुलांचे फोटो छापले जाऊ लागले, आणि २५ मे हा हरवलेल्या मुलांचा दिवस झाला. १९९६ मध्ये टेक्ससमधल्या नऊ वर्षांच्या अँबर हॅगरमनच्या अपहरणानंतर, आणि तिच्या हत्येनंतर, रेडिओ-टीव्हीवरून तातडीची सूचना देणारी ‘अँबर अलर्ट’ व्यवस्था उभी राहिली. पोर्तुगालमध्ये तशी व्यवस्था आली २००९ मध्ये.

या कहाण्या मनाला चटका लावतात, म्हणून एक गोष्ट मागे पडते. सीमेपलीकडे नाहीशी होणारी कित्येक मुलं अनोळखी माणसाने पळवलेली नसतात. आई किंवा वडील त्यांना घेऊन गेलेले असतात. मागे राहिलेल्या पालकाला मूल कुठल्या शहरात आहे, शाळेत जातं की नाही, काहीच कळत नाही. पूर्वी पळवणारा पालक नव्या देशाच्या कोर्टातून ताब्याचा आदेश मिळवायचा आणि जुन्या देशाचा आदेश कागदावरच राहायचा. यावर २५ ऑक्टोबर १९८० चा हेग करार झाला, तो १९८३ च्या डिसेंबरात लागू झाला. सोळा वर्षांखालचं मूल चुकीच्या पद्धतीने नेलं असेल तर ते आधी त्याच्या नेहमीच्या वास्तव्याच्या देशात परत पाठवायचं, ताबा कुणाकडे याचा निवाडा तिथलं कोर्ट करेल, हे त्याचं सूत्र. निर्णय सहा आठवड्यांत व्हावा अशी अपेक्षा आहे, ती क्वचितच पुरी होते.

करार लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर होता तो बहुधा ताबा न मिळालेला बाप. प्रत्यक्षात मूल घेऊन निघणाऱ्यांत आयाच जास्त निघाल्या, आणि त्यांतल्या काही मारहाणीतून सुटका करून घेत होत्या. मुलाला गंभीर धोका असेल तर परत न पाठवण्याची मुभा करारात आहे, पण ती किती सैल लावायची यावर कोर्टाकोर्टांत एकमत नाही. माझ्या मते या कराराची सगळ्यात कच्ची बाजू हीच. आणि ज्या देशाने सही केलेली नाही, तिथे मूल गेलं तर सूत्रही उरत नाही.

युरोपने ११६००० हा हरवलेल्या मुलांसाठीचा समान फोन क्रमांक राखून ठेवला तो फेब्रुवारी २००७ मध्ये, मॅडलिन नाहीशी होण्याच्या जेमतेम तीन महिने आधी. तो प्रत्यक्ष सुरू व्हायला मात्र देशोदेशी वेळ लागला.

मॅडलिनच्या उजव्या डोळ्याच्या बुबुळात एक गडद रेघ होती. भित्तिपत्रकांवर ती मोठी करून छापली गेली. अशी खूण जाहीर करणं नेहमीच जोखमीचं असतं, कारण तिच्यावरून मूल ओळखू येतं आणि धरून ठेवणारा घाबरतोही. एप्रिल २०१२ मध्ये लंडनच्या पोलिसांनी ती नऊ वर्षांची झाली असती तर कशी दिसली असती, याचं चित्र प्रसिद्ध केलं. अशी चित्रं करताना चित्रकार आईवडिलांकडे त्यांचे स्वतःचे त्या वयातले फोटो मागतो. हनुवटी कुणाची, कपाळ कुणाचं, ते बघतो आणि मग मुलाचा चेहरा पुढे नेतो.