बेवारस टीमचं काय करायचं: फँटसी फुटबॉल लीगमधला मालक गायब झाला तर तक्रार, पुरावे आणि नवीन मालकाचा अर्ज

आमची न्यू जर्सीतली १२ टीमची लीग आहे, निम्म्याहून जास्त मराठी, बाकी तेलुगू-गुजराती आणि ऑफिसातले दोघं अमेरिकन. कमिशनर, म्हणजे लीग चालवणारा, मी. पद बिनपगारी, शिव्या मात्र वेळेवर मिळतात. दरवर्षी ऑक्टोबर संपायला आला की ग्रुपवर तोच मेसेज पडतो, अरे ह्याने परत बाय वीकवाला क्वार्टरबॅक लावून ठेवलाय, समोरच्याला फुकट मॅच मिळणार, कमिशनर झोपलाय का. शेवटी आम्ही लीगच्या नियमातच सगळी प्रोसेस लिहून टाकली. दुसऱ्या लीगवाल्या दोघातिघांनी मागितली म्हणून सविस्तर टाकतोय, थोडं इकडेतिकडे करून तुम्हालाही चालेल.

ज्यांनी फक्त ड्रीम इलेव्हन बघितलंय त्यांच्यासाठी आधी एक गोष्ट. तिथे एका मॅचपुरती टीम असते, विसरलात तर नुकसान तुमचं एकट्याचं. इथे एनएफएलचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या मोठ्या लीगचा, अख्खा सीझन असतो, १८ आठवडे, आपल्यातला प्रत्येक जण एका टीमचा मालक, खरे खेळाडू मैदानात जसे खेळतील तसे आपल्याला पॉइंट, ऑगस्टअखेर ड्राफ्ट करून खेळाडू वाटून घ्यायचे आणि मग दर आठवड्याला लीगमधल्या एकाशी समोरासमोर मॅच. एनएफएलची प्रत्येक टीम १७ मॅच खेळते, म्हणजे प्रत्येक खेळाडूला एक आठवडा सुट्टी, तोच बाय वीक. त्या आठवड्यात त्याला बेंचवर बसवून दुसरा लावला नाही तर त्या जागेचा शून्य.

आता हिशोब बघा. बहुतेक लीगमध्ये साखळी सामने १४ आठवडे आणि प्लेऑफ १५ ते १७. एखादा मालक आठव्या आठवड्यानंतर गायब झाला तर पुढच्या सहा जणांना आयता विजय, आणि आधीच्या आठ आठवड्यात जे त्याच्याशी घाम गाळून हरले ते प्लेऑफच्या बाहेर. म्हणजे रागावायचं कारण तो नीट खेळत नाही हे नाहीच, तो ज्यांच्याशी नीट खेळला त्यांच्यावर अन्याय होतो हे आहे. हे एकदा डोक्यात बसलं की खालचे नियम असे का हे आपोआप कळेल.

निष्क्रिय कुणाला म्हणायचं

हरणारा निष्क्रिय नसतो. हे मोठ्या अक्षरात लिहून ठेवा कारण निम्म्या तक्रारी ह्याच गोंधळातून येतात. सातही मॅच हरलेला (०-७) माणूस दर बुधवारी वेव्हरवर, म्हणजे कुणाच्याच टीममध्ये नसलेल्या खेळाडूंवर, बोली लावत असेल तर तो माझ्या मते लीगमधला सगळ्यात प्रामाणिक मालक. तसंच तुम्हाला पटत नसलेला खेळाडू लावला, भरवशाचा बेंचवर ठेवला, तो त्याचा निर्णय, त्यात कमिशनरने नाक खुपसायचं नाही.

आमची व्याख्या अशी की लागोपाठ दोन आठवडे स्टार्टिंग लाइनअपमध्ये बाय वीकवाला, आउट जाहीर झालेला किंवा इंज्युअर्ड रिझर्व्हवर (जखमींच्या यादीत) गेलेला निदान एक खेळाडू, आणि त्याच जागेवर खेळू शकणारा धडधाकट माणूस बेंचवर किंवा वेव्हरवर उपलब्ध, आणि ग्रुपवर किंवा फोनवर ४८ तासात उत्तर नाही. तिन्ही पाहिजेत. एकाच आठवड्याचं असेल तर नुसती आठवण करून द्यायची, तीही खासगीत, ग्रुपवर नको, माणूस चिडून खरंच सोडून जातो.

सवलती पण आहेत. एनएफएलच्या टीम मॅचच्या ९० मिनिटं आधी त्या दिवशी न खेळणाऱ्यांची यादी देतात, म्हणजे रविवारी दुपारी १ च्या मॅचची साडेअकराला. क्वेश्चनेबल, म्हणजे खेळेल की नाही नक्की नसलेला, खेळाडू साडेअकराला बाद झाला आणि मालक तेव्हा मंडळाच्या कार्यक्रमात मुलीचा डान्स बघत बसला होता, तर हे धरायचं नाही. गंमत म्हणजे त्या यादीलाच इनॅक्टिव्ह म्हणतात, त्यामुळे ग्रुपवर "इनॅक्टिव्ह आहे" असं कुणी लिहिलं की खेळाडू की मालक हे आधी विचारून घ्यावं लागतं. हॉस्पिटल, बाळंतपण, घरातलं कुणी जाणं ह्या गोष्टींना पुरावा मागायचा नाही. एक ओळ कळवली तरी पुरे, नंतर कळवलं तरी चालेल.

आणि आपल्या लोकांची खास भानगड म्हणजे डिसेंबर. प्लेऑफ बरोबर डिसेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात आणि अर्धी लीग तेव्हा भारतात, कुणी लग्नाला कुणी आईवडिलांना भेटायला. पुण्यात बसून लाइनअप लावता येत नाही असं अजिबात नाही, फक्त घड्याळ उलटं होतं. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी इथली घड्याळं मागे गेली की रविवारची १ ची मॅच तिकडे रात्री साडेअकराला सुरू होते, आणि गुरुवारची रात्रीची मॅच तिकडे शुक्रवारी पहाटे पावणेसातला. बरेच जण शुक्रवारी उठून बघतात तर गुरुवारचा खेळाडू लॉक झालेला, आता बदलता येत नाही. म्हणून प्रवासाला जाणाऱ्याने आधीच लीगबाहेरचा एक माणूस, बायको भाऊ कुणीही, काळजीवाहू म्हणून ग्रुपवर लेखी कळवायचा. लीगमधलाच दुसरा मालक चालत नाही, कारण सरळ आहे, त्याचं स्वतःचं हित त्यात गुंतलेलं असतं.

तक्रार कुणी, कधी, कशी

कुठलाही मालक करू शकतो, ज्याला त्या आठवड्यात फायदा झाला तोसुद्धा (एकदा असं खरंच झालं, जिंकलेल्यानेच तक्रार केली, मला बरं वाटलं). मुदत मंगळवारी रात्री १० पर्यंत, कारण सोमवारची मॅच संपलेली असते आणि वेव्हर बहुतेक ठिकाणी बुधवारी पहाटे लागतो, त्याच्या आत कमिशनरला बघायला वेळ मिळाला पाहिजे.

कागदपत्रं म्हणजे स्क्रीनशॉटच, पण चार पाहिजेत आणि एकही कमी असला तर मी परत पाठवतो. दोन्ही आठवड्यांच्या लाइनअपचा एकेक, ज्यात खेळाडूपुढची बाय किंवा आउट ही खूण दिसते. बेंचचा एक, म्हणजे पर्याय होता हे कळतं. आणि ट्रान्झॅक्शन लॉगचा एक, ज्यात त्या टीमची शेवटची हालचाल कधीची ते दिसतं. हा चौथा लोक विसरतात आणि खरा पंचनामा तोच असतो, पाच आठवड्यात एक पण ॲड-ड्रॉप (खेळाडू घेणं-सोडणं) नाही हे त्यातच दिसतं. स्क्रीनशॉट मॅच सुरू झाल्यावर काढा, आधीचा काढला तर तो म्हणणार मी नंतर बदललं होतं.

तक्रार आली की कमिशनरने मालकाला तीन ठिकाणी कळवायचं, ॲपमध्ये, व्हॉट्सॲपवर आणि फोन करून. नुसतं ॲपमध्ये लिहून काखा वर करू नका, ज्याने ॲपच उघडलं नाही त्याला ॲपमध्ये मेसेज पाठवून काय उपयोग. ओकलंड रेडर्स ह्या फुटबॉल टीमचे एक भागीदार बिल विंकेनबाख ह्यांनी १९६२ मध्ये हा फँटसीचा खेळ काढला तेव्हा आठच टीम होत्या आणि पहिला ड्राफ्ट त्यांच्या घरच्या तळघरात झाला, त्यांना दार वाजवून विचारता आलं असतं, आपल्याला तेवढं सुख नाही.

मधल्या काळातलं लाइनअप

४८ तास जाईपर्यंत गुरुवार येतो, म्हणून त्या आठवड्यापुरतं लाइनअप कमिशनर लावतो. ईएसपीएन, याहू, स्लीपर तिन्हीकडे कमिशनरला दुसऱ्याच्या टीममध्ये हात घालायची सोय आहे. पण अक्कल लावायची नाही. ॲप जे प्रोजेक्टेड (अंदाजाचे) पॉइंट दाखवतं त्यातले सगळ्यात जास्तवाले लावायचे, गुरुवारच्या मॅचआधी ग्रुपवर फोटो टाकायचा, नंतर हात लावायचा तो फक्त कुणी आउट झाला तर. ट्रेड (दुसऱ्या मालकाशी खेळाडूंची अदलाबदल) नाही, बोली नाही. बाय वीकमुळे किकर किंवा डिफेन्सची जागाच रिकामी राहत असेल तरच एक फुकटचा खेळाडू उचलायचा. आणि त्या आठवड्यात त्या टीमची मॅच कमिशनरशीच असेल तर लाइनअप को-कमिशनर लावेल. आमच्याकडे पूर्वी हा नियम नव्हता, मी निष्क्रिय टीमचं लाइनअप अगदी सरळपणे लावलं, माझ्याशीच मॅच होती, मी जिंकलो चार पॉइंटने, आणि त्याचं भिजत घोंगडं पुढच्या ड्राफ्टपर्यंत चाललं.

मतदान

४८ तासात उत्तर आलं आणि मालक म्हणाला खेळतो, तर विषय संपला, पण त्याच सीझनमध्ये परत झालं तर नोटीस न देता थेट मतदान. उत्तरच नाही आलं तर उरलेल्या ११ पैकी ८ मतं काढण्याच्या बाजूने पाहिजेत. साधं बहुमत आम्ही मुद्दाम ठेवलं नाही, सहा जणांची टोळी जमवणं सोपं असतं. मतदान ॲपच्या पोलवर आणि नावासकट, गुप्त नाही. बाराव्या आठवड्यानंतर मात्र मालक बदलायचाच नाही, काळजीवाहू लाइनअप चालू ठेवायचं, दोन मॅचसाठी नवीन माणूस आणून तोही कंटाळतो.

नवीन मालकाची पात्रता आणि अर्ज

लीगमध्ये आधीपासून टीम नसावी, लीगमधल्या कुणाच्या घरातला नसावा (नाहीतर नवराबायकोत ट्रेड सुरू होतात, अनुभव आहे), किमान एक सीझन कुठेतरी पूर्ण खेळलेला असावा. वय निदान १८, पैशाची लीग असेल तर तुमच्या राज्यात किती लागतं ते बघा, काही ठिकाणी २१ आहे. भारतात राहणाऱ्याला पैशाच्या लीगमध्ये आम्ही घेत नाही, २०२५ च्या ऑगस्टमध्ये तिकडे पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदीचा कायदा झाला, उगाच कुणाला अडचणीत आणू नये. बिनपैशाच्या लीगमध्ये खुशाल घ्या.

कागदपत्रं फारशी नाहीत. ॲपवर ज्या ईमेलने अकाउंट आहे तो ईमेल, फोन नंबर, जुन्या लीगच्या पानाचा एक स्क्रीनशॉट ज्यात त्याच्या टीमचा शेवटपर्यंतचा रेकॉर्ड दिसतो, आणि नियम वाचले असं लेखी उत्तर. लायसन्सचा फोटो, सोशल सिक्युरिटी नंबर असलं काही कुणी मागत असेल तर देऊ नका, रेशनकार्ड काढायला नाही आलो आपण. अर्ज इतकाच पुरतो:

"मी अमुक टीम उरलेल्या सीझनसाठी घ्यायला तयार आहे. टीम आहे तशी, रेकॉर्ड आहे तसा आणि उरलेलं वेव्हर बजेट (बोलीचे पॉइंट) आहे तसं मान्य. आधी झालेले ट्रेड मान्य. दर आठवड्याला लाइनअप लावीन, जमणार नसेल तर बुधवारपर्यंत कळवीन. लीगमधल्या कुणाशी माझी दुसरी भागीदारी नाही."

दोन अर्ज आले तर आधी आलेला, वशिला नाही. मंजुरीला परत मतदान नको, कमिशनर आणि को-कमिशनर दोघांनी हो म्हटलं की झालं, फक्त बुधवारच्या वेव्हरआधी नवीन माणूस आत आला पाहिजे.

पैशाचं सगळ्यात आधी ठरवा, सीझन चालू असताना ठरवायला गेलात तर भांडण नक्की. आमच्याकडे ड्राफ्टआधी सोडलं तर फी पूर्ण परत, ड्राफ्टनंतर छदाम नाही, ती रक्कम बक्षिसातच राहते. नवीन मालकाकडून त्या सीझनची फी घेत नाही आणि टीम बक्षिसात आली तर ते पूर्ण त्याचं. काही लीगमध्ये जुन्या मालकाला अर्धं देतात, मला ते पटत नाही, ज्याने टीम वाऱ्यावर सोडली त्याला कसली वाटणी.

ॲपमध्ये करताना एक काळजी घ्या. टीमचा मालक काढणं आणि टीम डिलीट करणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, घाईत भलतंच बटण दाबू नका. आधी सगळ्या रोस्टरचे (खेळाडूंच्या यादीचे) स्क्रीनशॉट, मग जुन्या मालकाचं नाव काढायचं, मग त्याच टीमसाठी इन्व्हाइट लिंक नवीन माणसाला.

डायनॅस्टी लीग असेल, म्हणजे खेळाडू वर्षानुवर्षं तुमच्याकडेच राहतात ती, तर नवीन मालकाने अर्ज करण्याआधी पुढच्या वर्षांचे ड्राफ्ट पिक, म्हणजे ड्राफ्टमध्ये खेळाडू निवडायचे हक्क, शिल्लक आहेत का ते बघायचं. गायब होणारे बरेचदा पुढचे पहिल्या फेरीचे पिक आधीच विकून मोकळे झालेले असतात. जमीन घेताना सातबाऱ्यावर बोजा आहे का बघतो तसंच हे. अशी टीम कुणी घेत नसेल तर पुढच्या वर्षीची फी अर्धी करून द्या, आणि ह्यापुढे नियम करा की पुढच्या वर्षीचा पिक ट्रेड करायचा असेल तर पुढच्या वर्षीची फी आधी भरायची. हा एक नियम आला आणि आमच्या डायनॅस्टीमध्ये बेवारस टीमच निघाली नाही.

काढलेल्या मालकाला परत यायचं असेल तर त्यानेही हाच अर्ज करायचा, ३१ जुलैपर्यंत, जागा रिकामी असली तर. व्हॉट्सॲप ग्रुपमधून मात्र त्याला काढू नका, आमचा एक काढलेला मालक अजून दर रविवारी सगळ्यांना कुणाला लावायचं ते सांगत असतो आणि दुर्दैवाने बरोबर सांगतो.