दाराखालची एक सेंटीमीटर फट

भरल्या घरात दार लावून बसले तरी मन लागत नाही, याचा दोष आपण आवाजाच्या मोठेपणाला देतो. पण एकसुरात घरघरणारा पंखा चालू असताना वाचन बिनघोर चालते आणि पलीकडच्या खोलीतली कुजबुज मात्र वाक्य तोडते. कोल आणि वेल्श या संशोधकांनी १९७६ मध्ये अक्षरांचा क्रम लक्षात ठेवणाऱ्यांना मागून जर्मन उतारा ऐकवला. त्यांना ती भाषा समजत नव्हती, तरी चुका वाढल्या. बोलताना ध्वनी क्षणोक्षणी पालटतो आणि कान त्या पालटण्याचा माग आपसूक घेत राहतो. फोनवर बोलणाऱ्याची एकच बाजू ऐकू येत असेल तर आणखी वाईट, कारण पुढचे वाक्य कधी येईल याचा अंदाजच लागत नाही.

म्हणून निःशब्द खोलीचा हट्ट सोडावा. बोलणे अस्पष्ट झाले तरी पुष्कळ साधते, आणि ते साधण्याची जागा म्हणजे दार.

थोडे गणित करू. ९० सेंटीमीटर रुंद आणि २०० सेंटीमीटर उंच दाराचे क्षेत्रफळ १८,००० चौरस सेंटीमीटर. खाली १ सेंटीमीटर फट असेल तर ती ९० चौरस सेंटीमीटरची, म्हणजे दाराचा दोनशेवा भाग. तेवढ्यातून आत येणारी आवाजाची ऊर्जाच दाराची आवाज रोखण्याची एकूण क्षमता सुमारे २३ डेसिबेलच्या (आवाजाच्या पातळीचे माप) पुढे जाऊ देत नाही. ३० डेसिबेल रोखणारा दाराचा भरीव पल्ला या फटीसह जेमतेम २२ रोखतो. तो काढून ४० डेसिबेलचा महागडा पल्ला बसवला, तरी फायदा एका डेसिबेलच्या आत! फट बुजवली तर मात्र त्याच जुन्या पल्ल्याने जास्तीचे ८ डेसिबेलच्या आसपास मिळतात. बाहेर ६० डेसिबेलने चाललेल्या गप्पा आत ३८ ऐवजी ३० च्या आसपास येतात.

फटी शोधायला अंधार करून खोलीत टॉर्च लावावा आणि बाहेरून पाहावे. जिथून उजेड झिरपतो तिथून आवाजही झिरपतो. कुलपाचे भोक विसरू नये. चौकटीच्या खाचेत चिकट रबरी पट्टी लावण्याआधी रंगावरची धूळ ओल्या फडक्याने पुसून पूर्ण वाळू द्यावी, नाहीतर पट्टी लवकर सुटते. दार लावल्यावर पट्टी थोडी दबली पाहिजे. फार जाड घेतली तर खिटी बसत नाही आणि दार बिजागरीच्या बाजूने ताणले जाते. खालच्या कडेला ब्रशऐवजी सलग रबराची पट्टी हवी, कारण ब्रशच्या केसांमधून हवा जाते. फरशी उताराची असेल तर दार अर्धे उघडून पट्टी घासते का, ते आधी तपासावे. खोलीत गॅस किंवा कोळसा जळत असेल तर फटी बुजवूच नयेत; कार्बन मोनॉक्साइड साचून जीव जाऊ शकतो.

भिंतीवर फोम चिकटवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. फोम खोलीतला घुमारा कमी करतो, बाहेरचा आवाज अडवत नाही. अडवायला वजन लागते.

उरलेल्या ३० डेसिबेलवर पावसासारखा एकसंध आवाज पसरावा, साधारण ४० ते ४५ डेसिबेलचा. स्पीकर दार आणि आपण यांच्या मध्ये ठेवावा. शब्द ओळखू येतात ते मुख्यतः १,००० ते ४,००० हर्ट्झमधल्या (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला होणारी कंपने) व्यंजनांमुळे. ती झाकली की गप्पांची नुसती गुणगुण उरते. आवाज फार वाढवला आणि तो बाहेर पोचला तर बाहेरची माणसे नकळत मोठ्याने बोलू लागतात. याला लोंबार्ड परिणाम म्हणतात.

कानात घालायचे फोमचे बोळे बहुतेकदा चुकीचे बसवले जातात. बोळा बोटांत वळून बारीक करावा, दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढावा, बोळा आत सरकवून ३० सेकंद दाबून धरावा. आपलाच आवाज घुमल्यासारखा वाटला तर तो नीट बसला. आवाज खोडणारे हेडफोन इंजिनाची घरघर उत्तम काढतात, पण त्यांची करामत मुख्यतः १,००० हर्ट्झच्या खालीच चालते. घरघर गेल्यावर बोलणे कधीकधी उलट स्पष्ट ऐकू येते.

एक गोष्ट रबराने बुजत नाही. नेव्हिल मोरे या संशोधकाने १९५९ च्या प्रयोगात दोन कानांत वेगवेगळे बोलणे ऐकवले. ज्या कानाकडे दुर्लक्ष करायला सांगितले होते त्या कानात स्वतःचे नाव आले, तेव्हा सुमारे एक तृतीयांश लोकांनी ते टिपले. हाकेची वाट पाहणारे मन बंद खोलीतही पहाऱ्यावर असते. त्यामुळे ४५ मिनिटे ठरवून घ्यावीत, तेवढा वेळ हाकेला कोण जाणार ते नावानिशी ठरवावे आणि परत येण्याची वेळ मुलांनाही सांगून ठेवावी.