बीटा किरणांची सरळ रेघ

नागपूर विद्यापीठातून पदार्थविज्ञानात एमएस्सी केलेल्यांना हे प्रात्यक्षिक ओळखीचं असेल. किरणोत्सर्गाचे कण मोजणारी गायगर-म्युलर नळी, तिच्या खिडकीसमोर बीटा किरण सोडणाऱ्या थॅलियम-२०४चा लहानसा स्रोत आणि मधे एकेक करून वाढवत नेलेले ॲल्युमिनियमचे पातळ पत्रे. प्रत्येक जाडीला मोजणी घ्यायची, पार्श्वभूमीची (स्रोत नसतानाची) मोजणी वजा करायची आणि सेमी-लॉग कागदावर, म्हणजे एका अक्षावर लॉगॅरिदमचं माप असलेल्या आलेख-कागदावर, बिंदू मांडायचे. बिंदू जवळजवळ सरळ रेघेत येतात, उतारावरून शोषण गुणांक निघतो आणि जर्नलवर सही होते. ती रेघ सरळ का येते, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या प्रश्नाने नामवंत संशोधकांनाही चकवलं होतं.

सुरुवात केंब्रिजची. रदरफोर्डने युरेनियमवर ॲल्युमिनियमचे वर्ख एकावर एक ठेवून किरण किती उरतात ते पाहिलं. किरणांचा एक भाग पहिल्या काही वर्खांतच संपला, दुसरा बराच आत शिरला. १८९९ साली प्रसिद्ध झालेल्या लेखात त्याने त्यांना अल्फा आणि बीटा म्हटलं. म्हणजे बीटा किरणांची पहिली ओळखच मुळी शोषणातून झाली. पुढच्याच वर्षी बेकेरेलने दाखवलं, की बीटा म्हणजे वेगवान इलेक्ट्रॉन.

१९०७च्या सुमारास बर्लिनमध्ये ऑटो हान आणि लिझ माइटनर एका साध्या गृहीतकावर काम करत होते: एखाद्या पदार्थाचे बीटा किरण घातांकी नियमाने (प्रत्येक समान थरात उरलेल्यांचा ठरावीक हिस्सा, म्हणजेच सेमी-लॉग कागदावर सरळ रेघ) घटत असतील, तर ते सगळे एकाच ऊर्जेचे असणार. प्रकाशाच्या बाबतीत असंच दिसतं, त्यामुळे हे कुणालाही पटण्यासारखं होतं. १९०९ मध्ये मँचेस्टरच्या विल्यम विल्सनने ते तपासून पाहिलं. चुंबकाने किरण वळवून त्याने एकाच वेगाचे कण वेगळे काढले आणि फक्त तेच पत्र्यांतून सोडले. आलेख घातांकी आलाच नाही. जाडी वाढेल तशी संख्या जवळपास समप्रमाणात कमी होत गेली. घातांकी घट दिसते ती किरणांत निरनिराळ्या वेगांची सरमिसळ असते म्हणून! प्रात्यक्षिकाच्या पुस्तिकेत विल्सनच्या या प्रयोगाला निदान एक परिच्छेद मिळायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

पुढचं नाट्य बऱ्याच जणांना माहीत असतं. १९१४ मध्ये चॅडविकने बीटा वर्णपट सलग असल्याचं, म्हणजे कणांची ऊर्जा एका कमाल मर्यादेपर्यंत कितीही असू शकते, हे दाखवलं. १९२७ मध्ये एलिस आणि वूस्टर यांनी रेडियम-ई (आजचं बिस्मथ-२१०) या स्रोताची उष्णता मोजली, तर दर विघटनामागे सरासरी ऊर्जा कमाल ऊर्जेच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास भरली. उरलेली ऊर्जा कुठे जाते? ४ डिसेंबर १९३०च्या पत्रात पाउलीने एक न दिसणारा कण सुचवला. तोच न्यूट्रिनो.

मोजणाऱ्यांची अडचण मात्र व्यवहारातली होती: कोणत्या ऊर्जेला किती जाडी लागते? इलेक्ट्रॉन हलका असल्याने अणूंवर आपटत, वाट बदलत जातो, त्यामुळे त्याचा पल्ला, म्हणजे तो पदार्थात किती आत जातो, हे नेमकं ठरवणं कठीण. १९३८ मध्ये फेदरने रेडियम-ईशी तुलना करून पल्ला काढण्याची पद्धत दिली. १९५२ मध्ये कॅट्झ आणि पेनफोल्ड यांनी ऊर्जा आणि पल्ला जोडणारं सूत्र मांडलं, ते आजही वापरात आहे. कार्बन-१४ची कमाल ऊर्जा ०.१५६ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट. हे कण हवेत जेमतेम वीतभर जातात. थॅलियम-२०४च्या ०.७६४ला ॲल्युमिनियमचा सुमारे एक मिलिमीटर पुरतो. यिट्रियम-९०च्या २.२८ला चार मिलिमीटर लागतात.

जाडी चौरस सेंटिमीटरमागे मिलिग्रॅममध्ये सांगितली, की पदार्थापदार्थांतला फरक बराचसा मावळतो. बीटा कण मुख्यतः इलेक्ट्रॉनांना ऊर्जा देत मंदावतो आणि बहुतेक हलक्या मूलद्रव्यांत ग्रॅममागे इलेक्ट्रॉन जवळपास सारखेच असतात. शिसं वेगळं पडतं. त्यात क्ष-किरण जास्त निर्माण होतात, म्हणून फॉस्फरस-३२सारखा बीटा स्रोत हाताळताना आधी पर्स्पेक्सचा (पारदर्शक ॲक्रिलिक प्लास्टिकचा) आडोसा घेतात.

हवेतली धूळ मोजण्याची एक रूढ पद्धत याच गुणावर उभी आहे. कोराडी-खापरखेड्याच्या औष्णिक वीजकेंद्रांची राख असो, रस्त्याची माती असो की गाड्यांचा धूर, यंत्राला सगळ्यांचं वजन जवळपास एकाच मापाने कळतं. तासाला सुमारे एक घनमीटर हवा फिल्टरच्या पट्टीतून ओढली जाते आणि डाग पडलेल्या जागेतून कार्बन-१४चे किरण सोडले जातात. पीएम २.५ची (२.५ मायक्रोमीटरपर्यंतच्या बारीक धूलिकणांची) आपली २४ तासांची मर्यादा घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅम आहे. तेवढी धूळ चौरस सेंटिमीटरभर डागावर बसली, तर मोजणी सुमारे दीड टक्क्याने घटते. तिथे यिट्रियम-९० वापरलं, तर घट टक्क्याच्या विसाव्या भागाइतकीही होणार नाही. इतक्या पातळ थरासाठी दुबळेच किरण हवेत. शिवाय कार्बन-१४चं अर्धायुष्य ५,७०० वर्षांच्या आसपास, त्यामुळे स्रोत ओसरण्याची चिंता नाही.

पावसाळ्यात धुळीला चिकटलेलं पाणीही वजनात धरलं जातं, म्हणून आत येणारी हवा गरम करावी लागते. आणि घातांकी नियम इथे अंदाजापुरताच खरा असल्यामुळे गुणांक निव्वळ सूत्रातून घेत नाहीत. ज्ञात वजनाची पातळ फिल्म मधे धरून प्रत्येक यंत्राची मोजणी पडताळली जाते.