बल्ब लावला की इंजिनाचा आवाज का बसतो?

पावसाळा तोंडावर आला की ‘फ्री एनर्जी’चे व्हिडिओ सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पुन्हा फिरायला लागतात. एक मोटर, तिच्या पट्ट्यावर फ्लायव्हील म्हणजे वेग साठवणारं जड चाक, फ्लायव्हीलला जोडलेला गाडीचा ऑल्टरनेटर म्हणजे फिरवला की वीज देणारं यंत्र, आणि ऑल्टरनेटरच्या विजेवर परत तीच मोटर. वर बल्बांची रांग लखलखतेय. इंजिन नाही, पेट्रोल नाही. चांगले शिकलेले लोक ‘करून बघायला हवं’ असं लिहून ते पुढे ढकलतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. कारण जवळपास याच भंगारातून, फक्त मोटरच्या जागी गवत कापायच्या यंत्राचं जुनं इंजिन लावून, खराखुरा जनरेटर उभा राहतो.

जिमखान्यांच्या किंवा मोठ्या संकुलांच्या हिरवळीवर फिरणाऱ्या पेट्रोल लॉनमोअरचं इंजिन साधारण साडेतीन ते पाच हॉर्सपॉवरचं असतं. यंत्राची चाकं आणि पत्रा गंजून गेला तरी इंजिन बहुतेक वेळा शाबूत असतं. ऑल्टरनेटर मुंबईत कुर्ल्याच्या जुन्या सुट्या भागांच्या दुकानांत मिळतो, पुली आणि व्ही-बेल्ट नागदेवी स्ट्रीटला. दोन्ही यंत्रं एका जाड लोखंडी प्लेटवर बसवायची. मोअरच्या इंजिनाचा शाफ्ट खाली जमिनीकडे असतो. सोयीचं म्हणून इंजिन आडवं टाकायचं नाही. आतलं ऑइल उडवून सगळीकडे पोचवणारी रचना उभ्या शाफ्टसाठीच केलेली असते, आडवं केलं तर वंगणाअभावी इंजिन जॅम होईल. म्हणून ऑल्टरनेटरच पुली खाली करून उभा लावावा लागतो. अशा वेळी तो गाडीत फिरतो त्याच्या उलट दिशेनं फिरतो. विजेला त्याचं काही नाही, त्याच्या आतले डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेनं जाऊ देणारे भाग, दोन्ही दिशांची वीज सरळ करून देतात. फक्त त्याच्या पंख्याची पाती वळणदार असतील तर वारा कमी लागतो आणि तो जास्त तापतो.

दुसरी गोष्ट पात्याची. बऱ्याच मोअरमध्ये इंजिनाचं स्वतःचं फ्लायव्हील हलकं असतं आणि खालचं गवत कापणारं पातंच उरलेलं वजन पुरवतं. चार स्ट्रोकांपैकी एकच जोर देतो, बाकीचे तीन साठवलेल्या वेगावर पार पडतात. पातं काढून टाकलं तर दोरी ओढताना हँडल हाताला उलटा हिसका देतं. त्यासाठी ओतीव लोखंडाची जड पुली बसवावी. फ्लायव्हीलचं काम इथे नेमकं दिसतं. दिलेली ऊर्जा ते क्षणभर सांभाळतं आणि परत करतं. नवीन काही तयार करत नाही.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला ते. इंजिन सुरू करा, पण ऑल्टरनेटरवर काहीच लोड देऊ नका. रोटर, म्हणजे त्याचा आतला फिरता भाग, जवळजवळ फुकटात फिरतो. मग गाडीच्या हेडलाइटचा ५५ वॉटचा बल्ब जोडा. पट्टा तोच, पुली तीच, शाफ्टला कोणी हात लावलेला नाही, तरी इंजिनाचा आवाज बसतो. पाच बल्ब जोडले तर चांगलाच दबतो. बल्ब लागल्याचं इंजिनाला कळलं कसं?

हाच प्रयोग घरी बोटांनी करता येतो. जुन्या प्रिंटरमधली स्टेपर मोटर घ्या आणि शाफ्ट चिमटीत धरून फिरवा. आता एकाच गुंडाळीची दोन टोकं एकमेकांना जोडा आणि परत फिरवा. बोटांना स्पष्ट अडवणूक जाणवते. वायर सोडली की ती तत्क्षणी नाहीशी होते.

फॅरेडेनं १८३१ साली दाखवलं की चुंबकीय क्षेत्रात तार हलली की तिच्या टोकांत व्होल्टेज निर्माण होतं. सरळ तारेसाठी ते क्षेत्र, लांबी आणि वेग यांच्या गुणाकाराइतकं असतं. बारावीच्या पुस्तकात आपण हे शिकतो. त्याच पुस्तकात मोटरचा नियमही आहे: तारेतून धारा वाहत असेल तर तिच्यावर क्षेत्र, लांबी आणि धारा यांच्या गुणाकाराइतकं बल लागतं. दोन्ही नियम वेगवेगळ्या पानांवर पाठ करून आपण मोकळे होतो. पण जनरेटरच्या तारेला दोन्ही एकाच वेळी लागू आहेत! ती हलतेय म्हणून व्होल्टेज आहे. आणि बल्ब जोडताच धारा वाहते, म्हणून बलही आहे. लेन्झनं १८३४ मध्ये सांगितलं की हे बल नेहमी गतीच्या विरुद्धच असतं.

आता व्होल्टेजला धारेनं गुणा: क्षेत्र गुणिले लांबी गुणिले वेग गुणिले धारा. ही झाली बल्बला मिळणारी विद्युतशक्ती. मग बलाला वेगानं गुणा: क्षेत्र गुणिले लांबी गुणिले धारा गुणिले वेग. ही झाली इंजिनानं द्यायची यांत्रिक शक्ती. चारही घटक तेच, फक्त क्रम बदलला. बल्बचा प्रत्येक वॉट त्याच क्षणी शाफ्टकडून वसूल होतो. चुंबक कितीही जबर घ्या, तो दोन्ही बाजूंना सारखाच येतो. फ्री एनर्जीचं यंत्र कोणाच्या हातून चालत नाही याला कारागिरी जबाबदार नाही, हा गुणाकार जबाबदार आहे. पेट्रोलच्या नळीवर चुंबक बांधून मायलेज वाढवून देणाऱ्यांपासूनही असंच लांब राहावं.

आकडे घालून पाहू. १४ व्होल्टला ३० अँपिअर म्हणजे ४२० वॉट. गाडीच्या ऑल्टरनेटरची कार्यक्षमता ५५ टक्के धरली तर शाफ्टवर सुमारे ७६० वॉट लागतात, म्हणजे जवळपास एक हॉर्सपॉवर. लिटरभर पेट्रोलमध्ये ढोबळ मानानं ९ युनिट ऊर्जा असते. अर्ध्याहून कमी लोडवर चालणारं छोटं इंजिन त्यातली १५ टक्के शाफ्टला देईल, तिच्यातली ५५ टक्के वीज होईल. हाती पाऊण युनिट. पेट्रोल शंभर रुपयांच्या वर आहे, तेव्हा हे युनिट १३० रुपयांच्या पुढे पडतं. रोजच्या वापराला ही वीज परवडणारच नाही. ती आणीबाणीसाठी आहे.

आवाज बसल्यावर इंजिन बंद का पडत नाही, तर गव्हर्नरमुळे, म्हणजे वेग सांभाळणाऱ्या यंत्रणेमुळे. बऱ्याच छोट्या मोअरमध्ये फ्लायव्हीलच्या पंख्यासमोर प्लॅस्टिकची एक पातळ पट्टी असते. वेग कमी झाला की पट्टीवरचा वारा कमी होतो, बारीक स्प्रिंग थ्रॉटल उघडते, पेट्रोल वाढतं. वेग सावरतो, पण पूर्वीपेक्षा किंचित कमीवर स्थिरावतो. वीजकेंद्रांचे प्रचंड टर्बाइनही याच तत्त्वानं वागतात. आपल्या ग्रिडची वारंवारता ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झ या पट्ट्यात ठेवायची असते. मागणी निर्मितीच्या पुढे गेली की ती घसरते आणि फार घसरली की वीजनिर्मितीचे संच स्वतःला वाचवायला ग्रिडमधून बाहेर पडतात. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईकडे वीज आणणाऱ्या वाहिन्या तुटल्या, शहरातली निर्मिती मागणीला पुरली नाही आणि लोकल जागच्या जागी थांबल्या.

घरगुती जनरेटरमध्ये या वारंवारतेच्या भानगडीत पडूच नये. ऑल्टरनेटरनं इन्व्हर्टरची १२ व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी चार्ज करावी. २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ इन्व्हर्टर बनवेल. दिवे, राउटर, दोन-तीन पंखे आरामात चालतात. इंजिन चालू असताना बॅटरीची वायर मात्र काढू नये, व्होल्टेज एकदम उसळून डायोड जळतात.

हे इंजिन गॅलरीत, जिन्यात, पार्किंगच्या बंद कोपऱ्यात कधीही चालवायचं नाही. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट धरतं. उघड्या मैदानात, खिडक्यांपासून लांब, एवढीच त्याची जागा. आणि २३० व्होल्ट दोन बाजूंना पिना असलेल्या वायरनं घरातल्या सॉकेटमध्ये घुसवायचे नाहीत. ते मीटरमधून उलटे रस्त्यावरच्या ट्रान्सफॉर्मरपर्यंत जातात, तिथे त्यांचे ११ हजार होतात आणि लाइन बंद आहे समजून खांबावर चढलेल्या वायरमनला लागतात. लोहार चाळीत चेंजओव्हर स्विच मिळतो, तो घर एका वेळी बाहेरच्या लाइनला किंवा आपल्या विजेलाच जोडतो. परवाना असलेल्या इलेक्ट्रिशियनकडून तो आधी बसवून घ्यावा, इंजिनाची दोरी नंतर ओढावी.